एसीची मोजणी

"सकाळी सहाला यायचं," भाऊजी म्हणाले आणि त्यांनी माझ्या हातात एक लाल डायरी ठेवली. "व्हरांड्यात छोटा मीटर बसवला आहे. फक्त एसीचा. आकडा बघायचा, इथं लिहायचा, खाली सही करायची. मग चहा प्यायचा आणि जायचं. मत द्यायचं नाही."

"सहा म्हणजे सकाळचे?" मी विचारलं. माझ्या आयुष्यात तोवर सहा दिवसातून एकदाच वाजत असत, आणि तेही संध्याकाळी.

"आणखी कुठले?"

"पण मीच काहून, भाऊजी? गल्लीत इतकी माणसं आहेत."

"कारण तू आळशी आहेस," ते शांतपणे म्हणाले. "खोटा आकडा लिहायचा तर आधी खरा पाहावा लागतो, मग दुसरा शोधावा लागतो, मग तो लक्षात ठेवावा लागतो. एवढी मेहनत तुझ्याच्यानं होणार नाही."

हा माझा गौरव होता. मी डायरी घेतली.

भाऊजी म्हणजे मधुसूदन गावंडे, माझ्या थोरल्या बहिणीचे, कुसुमताईचे यजमान. चौतीस वर्षं त्यांनी जमिनीच्या मोजणी खात्यात काढली होती. अकोल्याच्या आसपासची शेतं त्यांच्या साखळीखालून गेली होती आणि बऱ्याच भावाभावांची बोलणी त्यांच्यासमोर बंद झाली होती. ज्याची मोजणी झाली नाही त्यावर त्यांचं मत नसे. ताईनं भाजी कशी झाली विचारलं की ते आधी, "मीठ किती टाकलं?" असं विचारत.

आणि त्या एप्रिलमध्ये त्यांना मोजायचा होता त्यांचा होऊ घातलेला जावई.

माझी भाची मंजिरी तेव्हा एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. लॅबचा एसी बिघडला तेव्हा तो दुरुस्त करायला शिरीष ताथोड आला. सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यावर त्याचं एसी-कूलरचं दुकान होतं. तो एसी त्या वर्षात तीनदा बिघडला. तिसऱ्यांदा तो बिघडलाच नव्हता, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

मुलगा आपल्यातला, निर्व्यसनी, बारा माणसांना पोसणारं दुकान. ताईची ना नव्हती. भाऊजींची एकच हरकत होती. "विकणारा माणूस आहे. गिऱ्हाईकाला जे ऐकायचं असतं ते बोलायची सवय लागते. उद्या घरातही तेच बोलेल." शिवाय पुण्याचं एक स्थळ हातात होतं. कंपनीत नोकरी, स्वतःचा फ्लॅट. त्यांना एक तारखेला उत्तर द्यायचं होतं.

तरी भाऊजींनी शिरीषला घरी बोलावलं. पोहे झाले, आणि त्यांनी त्याला शिक्षण विचारलं नाही, उत्पन्न विचारलं नाही.

"तुम्ही ते इन्व्हर्टर एसी विकता म्हणे. त्यानं घरात खरंच वीज वाचते?"

"वाचते, काका."

"किती?"

"पाव हिस्सा तरी."

"मोजलं?"

"कंपनीच्या कागदावर तर..."

"कंपनीला मुलगी द्यायची नाहीये मला. तुम्ही मोजलं का, ते विचारून राहिलो."

शिरीषनं पोह्यांची बशी खाली ठेवली. "कुणाच्या घरात असं मोजलं नाही, काका."

"मग मोजू," भाऊजी म्हणाले.

अशी ती अट ठरली. भाऊजींच्या खोलीत पाच वर्षं जुना साधा दीड टनाचा एसी होता. पहिले दहा दिवस तो चालवायचा, रात्री दहा ते सकाळी सहा, चोवीस अंशांवर. मग तो उतरवून त्याच जागी शिरीषच्या दुकानातला दीड टनाचाच इन्व्हर्टर एसी लावायचा, आणि पुढचे दहा दिवस तसाच चालवायचा. पाव वाचली तर शिरीष. नाही वाचली तर पुणे.

"आणि एक," भाऊजींनी बजावलं. "पक्षकारानं साखळीला हात लावायचा नसतो. मोजणी संपेपर्यंत मी त्या मीटरकडं बघणार नाही, आणि तुम्ही या घरात पाय ठेवायचा नाही."

खरंच त्यांनी मीटरकडं पाठ केली. वीस दिवस ते व्हरांड्यात पेपर वाचायला बसत, पण खुर्ची रस्त्याकडं फिरवून.

जुन्या एसीचे दहा दिवस सुरळीत गेले. मी सहाला जाई, आजच्या आकड्यातून कालचा वजा करी, आणि रोज चौदा लिही. कधी तेरा, कधी पंधरा. दहा दिवसांची बेरीज झाली एकशे चाळीस. इतकी गोल बेरीज बघून मलाच बरं वाटलं.

अकराव्या दिवशी शिरीषच्या दुकानातले रफिक मिस्त्री आले, दुपारी दोनच्या रखरखाटात, दारं-खिडक्या गच्च लावलेल्या असताना, आणि नवा एसी लावून गेले. जाताना त्यांनी एसीवर हात फिरवला. "साहेब, आता बघा. दोन दिवसांत मीटरला झोप लागेल."

पहिल्या सकाळी मीटर टक्क जागा होता. चौदा.

दुसऱ्या सकाळी चौदा. तिसऱ्या सकाळी तेरा. मला हर्ष झाला. चौथ्या सकाळी पुन्हा चौदा.

मी त्या मीटरकडं बघत उभा राहिलो. मला वीजशास्त्र कळत नाही, मी कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करत होतो. पण जगभर वीज वाचवणारं यंत्र नेमकं आमच्या ताईच्या घरी येऊन जिद्दीला का पेटलं, याचं मला फार कुतूहल वाटलं. मी आउटडोअर युनिटपाशी जाऊन कान लावला. ते एकसारखं घुमत होतं, थकायचं नाव नाही. खोलीत डोकावलो. भाऊजी पातळ चादर घेऊन झोपलेले, ताई पदरानं मान पुसत उठलेली. कळलं काहीच नाही.

मंजिरी चहा घेऊन आली.

"मामा, चौदाच आलं ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तू चार दिवस साखर मागितली नाहीस. फिका चहा तसाच पिऊन जातोस."

"अगं, अजून सहा दिवस आहेत."

"पुण्याच्या लोकांनी काल फोन केला होता. बाबा म्हणाले, एक तारखेला सांगतो." तिनं डायरीकडं पाहिलं नाही. "जे येईल ते लिही, मामा. तुझ्यावर काही नाही."

हे ती इतक्या सरळपणे बोलली की माझं वाटोळं झालं. ती रडली असती तर मी चार शब्द समजावून खरा आकडा लिहिला असता.

पाचव्या सकाळी मीटरनं चौदा सांगितले. मी बारा लिहिले.

खोटं बोलण्यात मेहनत असते हे भाऊजींचं म्हणणं तेव्हा मला पटलं. पाव वाचायची तर एकशे चाळीसचे एकशे पाच व्हायला हवे होते. पहिल्या चार दिवसांत मी प्रामाणिकपणे पंचावन्न खर्चून बसलो होतो. उरलेल्या सहा दिवसांत पन्नासात भागवायचं होतं. म्हणून बारानंतर दहा लिहिले. दहानंतर आठ. मग सात. मग पुन्हा सात, म्हणजे स्थिरता दिसावी. शेवटच्या सकाळी उरलेले सहा लिहिले. आणखी आठवडा मिळता तर त्या एसीनं अकोल्याला वीज पुरवली असती.

बेरीज एकशे पाच. बरोब्बर पाव. मी झोकदार सही केली आणि तीन चमचे साखर घालून चहा प्यायलो.

त्या दिवशी दुपारी चारला निकाल. बाहेर सेहेचाळीस अंश. भाऊजींच्या खोलीत एसी लावून आम्ही सगळे बसलो. भाऊजी पलंगावर, ताई आणि मंजिरी दाराशी, मी खुर्चीत. शिरीष वीस दिवसांनी पहिल्यांदाच घरात आला होता. इस्त्रीचा शर्ट, हातात काही नाही. त्यानं पेढे आणले नव्हते, ते मला आवडलं.

"वाच," भाऊजी मला म्हणाले.

मी जुन्या एसीचे दहा आकडे वाचले. मग नव्याचे. चौदा, चौदा, तेरा, चौदा. भाऊजींचा चेहरा हलला नाही. बारा, दहा. ताईनं पदर सावरला. आठ, सात, सात. मंजिरीनं माझ्याकडं पाहिलं आणि लगेच खाली पाहिलं. तिला कळलं होतं.

"सहा," मी म्हणालो. "एकूण एकशे पाच. म्हणजे पाव वाचली."

भाऊजींनी मान डोलावली. "बोला ताथोड. समाधान?"

शिरीष माझ्या डोक्यावरून पलीकडं पाहत होता.

"काका," तो म्हणाला, "तो पडदा हलून काहून राहिला?"

आम्ही सगळ्यांनी वळून पाहिलं. खिडकीचा पडदा मंद हलत होता, वाऱ्याला बसलेल्या बाईसारखा निवांत.

"खिडकी उघडी आहे म्हणून," ताई म्हणाली. "चार बोटं ठेवते मी. आता एवढी माणसं बसायची होती."

"आताच ठेवली का?"

"छे. रोज रात्री ठेवते. बंद खोलीत जीव कोंडतो माझा. कूलरला नाही का ठेवत आपण खिडकी उघडी?"

"जुना एसी होता तेव्हाही?"

"पाच वर्षं झाली, बाप्पा. रात्रीची कधी लावली नाही."

शिरीष उठून खिडकीशी गेला. फटीवर त्यानं हात धरला. त्याला थांबवायचं कसं हे मला सुचेना. मी खोकलो. त्यानं लक्ष दिलं नाही. तो आपल्या धंद्यातल्या कोड्यात शिरला होता, आणि अशा वेळी माणूस आपलं लग्न कुठं अडलंय हे विसरतो.

"काकू, कूलर बाहेरची हवा आत ढकलतो. तिला निघायला वाट ठेवली नाही तर खोली दमट होते. म्हणून कूलरला खिडकी उघडी पाहिजे. एसीचं उलटं असतं. तो आतलीच हवा गार करत बसतो. आणि या नव्याची गंमत अशी, की खोली गार झाली की तो आपला वेग कमी करतो. हळूहळू चालतो. वीज वाचते ती तिथंच. पण चार बोटं खिडकी उघडी असली, बाहेर अशी हवा असली, तर खोली चोवीसवर येतच नाही. मग तो बिचारा रात्रभर पळतो. जुन्यासारखाच."

"म्हणजे?" भाऊजींनी विचारलं.

"म्हणजे उघड्या खिडकीत हा एसी तेरा-चौदाच्या खाली येणारच नाही, काका. पहिले चार दिवस बरोबर आहेत." तो डायरीकडं वळला. "पण सहा? सहा होतच नाही. यात काहीतरी..."

आणि इथं तो थांबला. मला वाटतं, आपण काय बोललो ते त्याला तेव्हा कळलं. त्यानं मंजिरीकडं पाहिलं. तिनं डोळे मिटून घेतले होते.

भाऊजींची मान सावकाश माझ्याकडं वळली.

"दिगंबर."

"हो, भाऊजी."

"मी तुला किती वर्षं ओळखतो?"

"तीस झाली असतील."

"तीस वर्षं मी तुला आळशी समजलो." त्यांनी हात पुढं केला. मी डायरी दिली. "खरा आकडा?"

"एकशे एकोणचाळीस."

"म्हणजे एका युनिटची बचत."

"तसं म्हटलं तर बचत आहे," मी म्हणालो. ताईनं माझ्याकडं असं बघितलं की मी पुढचं वाक्य गिळलं.

भाऊजींनी शिरीषला विचारलं, "आता तुमचं काय म्हणणं?"

शिरीष अजून खिडकीशीच उभा होता. त्यानं ती ओढून लावली. पडदा थांबला.

"पुन्हा मोजायला पाहिजे, काका. खिडकी लावून. आणि..." तो अडखळला. "आणि जुना एसीही पुन्हा लावून, खिडकी बंद करून मोजायला पाहिजे. नाहीतर जी बचत येईल ती खिडकीची येईल, एसीची नाही. खिडकी लावली की जुनाही कमी खाईल."

मी मनात कपाळाला हात लावला. याला नुसतं 'खिडकी लावून मोजा' म्हणता आलं असतं. चौदाच्या जागी नऊ-दहा आले असते आणि वाजंत्री सांगायला आम्ही मोकळे झालो असतो. कुणालाही काही कळलं नसतं, भाऊजींनासुद्धा.

"आणखी वीस दिवस," भाऊजी म्हणाले. "पुण्याला परवा उत्तर द्यायचं आहे."

"हो, काका."

"ते थांबतील असं नाही," ताई मध्येच म्हणाली.

"न थांबोत," भाऊजी म्हणाले. "आणि आकडा हे घेतील. ताथोड. रोज सकाळी सहाला."

"अहो, पण ते तर पक्षकार," मी म्हणालो. नियमाची आठवण करून देणारा त्या खोलीतला मी सगळ्यात शेवटचा माणूस असायला हवा होतो, पण निघून गेलं तोंडातून.

"चौतीस वर्षं मोजण्या केल्या मी," भाऊजी म्हणाले. "बांध शेजाऱ्याच्या शेतात सरकवणारे रोज पाहिले. स्वतःच्या शेतात मागं घेणारा आज पाहिला. तू फक्त चहा प्यायचा. तोही मिळाला तर."

दुसऱ्या दिवसापासून शिरीष सहाला येऊ लागला. मीही जात होतो, कारण तोवर मला सहाला जाग येण्याची वाईट सवय लागली होती. रफिक मिस्त्रींनी नवा उतरवून जुना चढवला, दहा दिवसांनी जुना उतरवून पुन्हा नवा. ताई पहिल्या रात्री बंद खिडकीत गुदमरली, दुसऱ्या रात्री कुरकुरली, आणि तिसऱ्या रात्री तिनं कपाटातून रजई काढली. भाऊजी खुर्ची रस्त्याकडं करून पेपर वाचत. शिरीष आकडा लिही आणि डायरी मिटून ठेवी. चहाला किती वेळ लागायचा हे मात्र कुणी मोजलं नाही. लॅब नऊला उघडायची आणि मंजिरी नऊला पाच कमी असताना धावत सुटायची, एवढंच मी सांगू शकतो.

पुण्याचे लोक थांबले नाहीत. तो फोन भाऊजींनीच घेतला. "बरं आहे, शुभेच्छा," एवढं म्हणून त्यांनी ठेवला. आता एका बाजूला एसी होता आणि दुसऱ्या बाजूला काहीच नव्हतं. पण अट म्हणजे अट. बाप म्हणून त्यांनी ती मोडली असती असं ज्याला वाटतं त्यानं त्यांच्या हातची मोजणी पाहिलेली नाही.

मे महिन्याच्या विसाव्या सकाळी पुन्हा सगळे जमलो, या वेळी व्हरांड्यातच. शिरीष उभ्या उभ्या वाचत होता. खिडकी लावल्यावर जुना एसी रोज बाराच्या आसपास घेत होता. दहा दिवसांचे एकशे वीस.

मी बोटांवर केलं. पाव वाचायची तर नव्याचे नव्वद यायला हवेत.

"नऊ," शिरीष वाचत गेला. "नऊ. दहा. आठ. नऊ. नऊ. दहा. नऊ. नऊ. आजचे नऊ."

त्यानं बेरजेपाशी बोट ठेवलं. मंजिरीनं दाराची चौकट धरली होती.

"एक्क्याण्णव," तो म्हणाला.

रस्त्यावरून भाजीची गाडी गेली. दहा रात्रींत एक युनिट जास्त. एक बल्ब विसरून चालू राहिला तरी तेवढं जातं.

"नीट पाहिलं?" भाऊजींनी विचारलं.

"दोनदा पाहिलं, काका."

"पाव नाही झाली मग."

"नाही झाली." त्यानं डायरी पुढं केली. "पावला थोडी कमी आहे."

"अहो, एका युनिटासाठी काय..." ताईचं वाक्य अर्ध्यातच राहिलं, कारण भाऊजींनी डायरी घेतली होती. त्यांनी चष्मा लावून ते पान वरपासून खालपर्यंत वाचलं. मग खिशातलं पेन काढलं. एक्क्याण्णवच्या खाली त्यांनी सरळ रेघ ओढली, आणि रेघेखाली सही केली. म. गो. गावंडे. दिनांक.

"कुसुम," ते म्हणाले, "यांच्या आईवडलांना रविवारी जेवायला बोलाव. आमरस कर."

मंजिरी आत निघून गेली. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. शिरीष तसाच उभा होता, हात कुठं ठेवावेत हे न कळणाऱ्या माणसासारखा.

मला राहवलं नाही. मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि हळूच म्हणालो, "भाऊजी, अट तर नव्वदची होती."

"हो."

"मग?"

त्यांनी डायरी मिटली, पेनाला टोपण लावलं आणि पाय ताणले.

"बरोब्बर नव्वद आले असते," ते म्हणाले, "तर मला उठून मीटर पाहावा लागला असता. आणि गुडघे दुखून राहिले माझे."